सगळे पासवर्ड चुकीचे

सोमवारी सकाळी आमच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यातल्या हजेरीच्या सर्व्हरने एकूणएक माणसाला परकं ठरवलं. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी उत्तर एकच : लॉगिन नामंजूर. मी स्टोअर्समध्ये बावीस वर्षं काढलेली. कुणी ओळख दाखवली नाही तर मला विशेष वाटत नाही. पण मॅनेजर कमाल मुकादमसाहेबांनाही मशीनने नाकारलं, आणि त्या क्षणी तो बिघाड न राहता कट झाला.

कट म्हटला की माणूस लागतो. आफरीन हाताशी होती. कारखान्यातले सगळे सर्व्हर ती एकटी सांभाळायची, आणि तिने मस्कतला नोकरीसाठी अर्ज केल्याचं साहेबांच्या कानावर आलेलं. अकरापर्यंत तिच्या टेबलावर मेमो : बुधवारपर्यंत खुलासा, नाही तर कामावरून कमी. एक प्रत नोटीस बोर्डावर. चौकशीसाठी तटस्थ सदस्य म्हणून मला नेमलं. संगणकातलं मला काही कळत नाही, हीच माझी तटस्थता.

"तू पासवर्ड बदललेस," साहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, पासवर्ड या मशीनवर नसतातच. सगळ्यांची नावं नि पासवर्ड पलीकडच्या डिरेक्टरीच्या मशीनवर. हे नुसतं तिला विचारतं, हा आपला माणूस का म्हणून." तिने साहेबांना शेजारच्या मशीनवर त्यांचाच पासवर्ड टाकायला लावला. लॉगिन झालं. "बघा. बदलला असता तर इथेही अडला असता."

"म्हणजे आम्हाला नकळत परत पूर्वीसारखा केलास."

साहेबांचा संशय असा. पुरावा मिळाला की तो वाढतो.

केबल ठीक होती. दोन्ही मशीन एकमेकांना उत्तरं देत होती. मग तिने लॉग उघडला. आपल्या अडचणी मशीन त्यात लिहून ठेवतं. शेकडो ओळी, तक्रार एकच : घड्याळांत फार फरक.

"पाच मिनिटांच्या वर फरक पडला की डिरेक्टरी कुणालाच आत घेत नाही," आफरीन म्हणाली. "तिला वाटतं, कुणीतरी जुनी परवानगी चोरून वापरतोय. आपलं हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

साहेबांनी डिरेक्टरीच्या मशीनकडे प्रथमच आपुलकीने पाहिलं.

"आणि हे बघा, रविवारी अकराच्या सुमारास कुणीतरी मशीन बंद करून चालू केलंय. वेळ तेव्हाच उडी मारते."

"रविवारी!" साहेब उजळले. "भागोजी, गेटचं रजिस्टर आण!"

"मी रविवारी गुहागरला होते, मामेबहिणीच्या लग्नाला."

"ते रजिस्टर सांगेल."

वॉचमन भागोजीने रजिस्टर आणलं, पण उघडलं नाही. "साएब, त्यात काय बगायचा? रविवारी तुमीच आलावतात. दुसरा कोन नाय."

साहेबांनी तरी पान काढून सही ताडून पाहिली. त्यांचीच होती.

आमच्या भिंतीवरची सगळी घड्याळं कारखाना निघाला तेव्हापासून दहा मिनिटं पुढे असतात, कामगार वेळेत यावेत म्हणून. सुटायच्या वेळी साहेब मनगटावरचं बघतात. नवा सर्व्हर तेवढा खरी वेळ दाखवायचा, आणि उशिरा आलेले कामगार तो दाखवून भांडायचे. मशीन चालू होताना अमुक कळ दाबली की वेळ बदलता येते, एवढं साहेबांना भाच्याने शिकवलं होतं. रविवारी येऊन त्यांनी सर्व्हरला शिस्त लावली.

आफरीनने घड्याळ मागे घेतलं. सगळे आत गेले.

"झालं ते झालं गो," साहेब म्हणाले.

"मेमो बोर्डावर लागलाय साहेब. मागे घेतल्याचंही बोर्डावर लागू दे."

तासाभराने कागद आला : 'आपल्यावरील संशय तूर्त स्थगित करण्यात येत आहे.' आफरीनने वाचला, 'तूर्त स्थगित करण्यात येत आहे' यावर रेघ मारली, वर 'निराधार होता' लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवला.

"हे जरा जास्त होतंय," साहेब म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. खाली बसली नाही, बाहेरही गेली नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तटस्थ सदस्य म्हणून मी छताकडे पाहिलं.

शेवटी त्यांनी सही केली. तिने कागद माझ्यापुढे सरकवला, मीही केली. मग बोर्डाची काच उघडून तिने तो स्वतःच्या हाताने लावला, मेमोच्या बरोबर वर.