तिसऱ्या खडकाचं पोट

वहिनीनं कात्रीचं टोक माशाच्या बुडाशी घातलं, एका दमात गळ्यापर्यंत नेलं, पोटाची पिशवी बोटानं उलटी केली आणि म्हणाली, "रिकामं."

ऐकायला खोलीत कुणी नव्हतं. हातमोजा काढून तिनं वहीत लिहिलं: तिसरा खडक, मासा दोनशे सतरावा, पोट रिकामं. चार महिने तिसऱ्या खडकावरून येणारे मासे असेच उपाशी येत होते. दोनशे सतरांपैकी नऊ पोटांत काहीतरी चिकटलेलं सापडलं, बस्स.

टेबल पत्र्याचं होतं. मधे उतार, उताराला भोक, भोकाखाली बादली. संशोधन केंद्राच्या या मागच्या खोलीत ती अकरा वर्षं मासे फाडत होती, आणि तेही एकाच जातीचे. कागदोपत्री नाव सिंहमासा. अंगावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या, पाठीवर विषारी काटे. हा मासा या समुद्रातला नव्हेच. कुणा हौशी माणसाच्या दिवाणखान्यात, काचेच्या टाकीत शोभेला ठेवलेला. हौस फिटली तेव्हा त्या माणसानं तो पाण्यासकट समुद्रात ओतला आणि टाकी पुसून ठेवली. कंटाळा आला की माणूस काय काय ओतून मोकळा होईल, सांगता येत नाही. इथल्या मोठ्या माशांना हा प्राणी ओळखू येईना, म्हणून त्याला कुणी खाईना. इथल्या पिलांनाही ओळखू येईना, म्हणून कुणी पळेना. तो सगळ्यांना गिळत सुटला. केंद्राचे पाणबुडे त्याला जावई म्हणत. आयता आला, बसून खातो, उठायचं नाव घेत नाही.

पाणबुडे पाच, खडकही पाच, एकेकाला एक. ते भाल्यानं जावई टिपायचे, काटे लागू नयेत म्हणून जाड प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबायचे आणि डबा वहिनीच्या टेबलावर उपडा करायचे. पोटात कुणाची पिलं किती, ते वहिनी मोजायची. त्यावरून कळायचं कुठल्या प्रवाळाच्या खडकावर अजून काय जगतंय. तिचं शिक्षण सातवी. पण अर्धं पचलेलं, डोळे विरघळलेलं पिल्लू दाखवलं तरी ती नुसत्या शेपटावरून जात सांगायची. नावं तिची तिनंच पाडलेली: निळी रेघ, पोपट, चिंधी, लिंबू. पुस्तकातली नावं नंतर साहेब लिहायचे. मात्र यातलं एकही तिनं जिवंत बघितलेलं नव्हतं. पाणी छातीला लागलं की तिला धाप लागायची.

साहेब दारातूनच म्हणाले, "वहिनी, आजचाही रिकामा?" केंद्रात सगळेच तिला वहिनी म्हणत, साहेबांपासून वॉचमनपर्यंत.

"रिकामा."

"मग अहवाल पक्का झाला. जावयाला खायला काही नाही, म्हणजे तिथं पिलंच नाहीत. तिसरा खडक मेला." हे त्यांनी पंखा बंद करावा तितक्या सहज सांगितलं. "शुक्रवारी समिती बसतेय. जपायच्या खडकांच्या यादीतून नाव काढलं की बंदराचा गाळ तिथंच टाकणार आहेत. त्यांनाही जागा हवीच आहे."

साहेब स्वतः कधी पाण्यात उतरत नसत. कानाला सोसत नाही म्हणायचे. समितीही उतरत नसे. समितीला कान नव्हतेच. एवढा मोठा खडक, आणि त्याचा निकाल लागणार होता वहिनीच्या अक्षरावर. तिला ते त्या दुपारी पहिल्यांदा जाणवलं, आणि हात धुताना तिनं साबण दोनदा लावला.

घरी नणंद जेवायला बसलीच होती. नवरा जहाजावर इंजिनात, वर्षातले आठ महिने बाहेर. घरात या दोघीच. नणंद केंद्राच्या पाच पाणबुड्यांतली एक, आणि तिसरा खडक तिच्याच वाट्याचा. लग्न करून आल्या वर्षीच वहिनीनं तिचं नाव पाणकोंबडी ठेवलं होतं.

"तुझा खडक मेला म्हणे," वहिनी म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"पोटांनी सांगितलं. दोनशे सतरा."

पाणकोंबडीनं ताट पुढं सरकवलं. "मी आज सकाळी तिथं होते. पिलं माझ्या मास्कला धडकतात, वहिनी."

"तुला काय, सगळंच छान दिसतं. तुझा दादासुद्धा तुला देखणा दिसतो."

"देखणा मी कधीच म्हटलं नाही. शर्ट चांगला आहे एवढंच म्हटलं." मग ती हसायची थांबली. "पोट खोटं बोलत नाही असं तूच सांगतेस ना? मग खोटं कोण बोलतंय? मी?"

साहेबांनी पाणकोंबडीला कधी काही विचारलंच नव्हतं. तिचं काम मारायचं. बघायचे पगार दुसऱ्यांना.

"उद्या चल माझ्याबरोबर."

"मी? मी बुडेन."

"तुला बुडवून मला काय मिळणार? स्वयंपाक माझ्याच गळ्यात पडेल."

गुरुवारी सकाळी बोट तिसऱ्या खडकावर थांबली. पाणी काचेसारखं होतं, खडकाचा माथा दोन पुरुष खोल. पाणकोंबडीनं वहिनीच्या काखेत रबरी कडं अडकवलं, तोंडावर मास्क चढवला, दातांत श्वासाची नळी दिली. "तोंड पाण्यात घाल आणि श्वास घे. एवढंच आहे."

एवढंच काही नव्हतं. चार वेळा वहिनीनं डोकं वर काढलं, चारही वेळा नणंदेला शिव्या दिल्या. पाचव्यांदा तोंड खाली गेलं आणि खालीच राहिलं.

आधी आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी तडतड, पण एका बाजूनं नव्हे, चहूकडून, कवटीच्या आतून. वहिनीला वाटलं मास्क तडकला. मास्क ठीक होता. तो आवाज खडकाचा होता. बिळाबिळांत बसलेल्या हजारो कोळंब्या नांग्या वाजवत होत्या. मेलेल्या जागेला आवाज कुठून येणार?

मग डोळे सरावले.

खडक म्हणजे काळा दगड असेल असं ती अकरा वर्षं धरून चालली होती. खाली एक गाव होतं. मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोळे, सांबराच्या शिंगांसारखी झाडी, पाण्याच्या लयीत झुलणारे जांभळे पंखे. सगळंच धड नव्हतं. एक उतार राखेसारखा पडलेला, त्यावर शेवाळाची गोधडी. पण त्या राखेच्या कडेलाच प्रवाळाची नवी बोटं फुटलेली होती, टोकाला पांढरी, बाळाच्या नखांएवढी.

आणि या गावात तिच्या ओळखीची माणसं राहत होती.

एक पिवळा ठिपका मास्कसमोर येऊन थांबला. तिनं शेपूट पाहिलं. लिंबू. टेबलावर हे पिल्लू भिजल्या कागदाच्या रंगाचं असायचं. पोटात सगळेच रंग एक होतात. त्याला लिंबू नाव दिलं ते आकारावरून, आणि ते खरोखरच इतकं पिवळं होतं की ती सकाळ त्याच्यापुढे मळकी दिसावी. त्याच्यामागून शंभर लिंबं आली, एकदम वळली, एकदम परतली. तिनं नळीतून हाक मारली. वरच्या टोकातून नुसतं घूं घूं निघालं.

उतारावर पोपट चरत होते. दातांनी खडक खरवडायचे, शेवाळ ओरबाडायचे, आणि मागून पांढरी वाळू सांडत पुढं जायचे. कर्र, कर्र, कर्र. जिथून ते गेले तिथला दगड घासलेल्या भांड्यासारखा स्वच्छ. पोटात सापडलेल्या प्रत्येक पोपटाला तिनं वहीत एक ओळ दिली होती. ती ओळ म्हणजे एक जन्मभराची घासणी होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

खडकाच्या एका कोपऱ्यात पोत्याएवढा एक मासा आ वासून निश्चल उभा होता. त्याच्या जबड्यात काहीतरी हललं. निळी रेघ. बोटाएवढी, अंगावर निळी रेषा पेटलेली. ती त्या जबड्यात शिरली, दातांमधून काहीबाही टिपलं, कल्ल्यातून बाहेर पडली आणि पुन्हा आत गेली. मोठा मासा डोळा मिटल्यासारखा उभा. त्याच्यामागे दुसरा मासा होता, त्याच्यामागे तिसरा. दवाखान्याबाहेर बसावं तसे सगळे आपापल्या पाळीची वाट बघत होते. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, कुणी ओळखीच्याला पुढं घुसवत नव्हतं. माणसांना हे जमत नाही. एवढं एवढंसं पिल्लू, आणि ज्यांच्या एका घोटात ते संपलं असतं ते सगळे त्याच्यापुढे तोंड उघडून नम्र.

अकरा वर्षांत तिनं अशा चारशेच्या वर निळ्या रेघा मोजल्या होत्या. जावयानं गावातले डॉक्टर खाल्ले होते, आणि ती त्यांना आकडे देत बसली होती. वहिनीच्या मास्कमध्ये पाणी आलं. ते समुद्राचं नव्हतं.

मग तिनं जावई बघितला, जिवंत. एका कपारीखाली तो उलटा लटकून होता, सगळे पंख पसरून. एकेक पंख रेशमी चिरगुटासारखा, एकेक पट्टी कुंचल्यानं ओढलेली. त्याला घाई नव्हती. त्याला कुणाचं भय नव्हतं. टेबलावरची ती लिबलिबीत चिंबलेली गोष्ट हीच, हे तिला पटेना. वैरी इतका देखणा असावा याचा तिला रागच आला. त्याच्यापुढे पिलांचा एक पुंजका निर्धास्त खेळत होता. जावयानं तोंड नुसतं उघडलं, आणि पुंजक्यातली दोन कमी झाली. उरलेली खेळतच राहिली.

खालून पाणकोंबडी आली, हवेची टाकी पाठीवर, भाला हातात. एक ढोसा, डब्याचं झाकण, संपलं. तिनं असे सहा टिपले.

बोटीत वहिनी ओलीच बसली होती, मास्क कपाळावर.

"काय गं, जीभ खाली सांडली का?" पाणकोंबडीनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं डबा बोटीच्या कडेला नेला, झाकण किलकिलं केलं, पाण्यात बुडवला आणि तीनदा खळखळून हलवला. पाण्यात दुधाळ ढग पसरला. ढगात बारीक चंदेरी काहीतरी चमकलं आणि बुडालं. वहिनीनं एक शेपूट ओळखलं.

"काय करतेस?"

"डबा धुतेय. रोजच धुते."

"कधीपासून?"

"तू ओरडलीस तेव्हापासून. मासे आणता की उकिरडा आणता, म्हणालीस. सगळ्यांदेखत."

वहिनीला तो दिवस आठवला. चार महिने झाले होते. भाला लागला की जावई पोटातलं ओकतो. ते डब्यात साठतं, वास मारतं. नियम असा की डब्यातलं सगळं टेबलावर घ्यायचं आणि ओकलेलंही मोजायचं. त्या दिवशी तिचं डोकं ठणकत होतं, म्हणून पाचही जणांवर ती कडाडली होती.

"बाकीचे चौघे धुतात?"

"ते कुठं ऐकतात तुझं? हसले आणि विसरले." पाणकोंबडी झाकण लावू लागली. "मीच एक ऐकते. घरात रोज तोंड बघायचं असतं."

म्हणून चार खडक जिवंत होते आणि एकच मेला होता. वहिनी म्हणाली, "पुन्हा खाली जा. आणखी सहा आण. आणि डब्याला पाणी दाखवलंस तर घरात घेणार नाही."

शुक्रवारी समिती लांबलचक टेबलाशी बसली होती. तिघं जण, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि बांधणी केलेला अहवाल. वहिनी डबा काखेत घेऊन, न विचारता आत गेली.

साहेब उठले. "वहिनी, हे आता कशाला? नोंदी तुमच्याच अक्षरातल्या आहेत."

"म्हणूनच आलेय. त्या चुकीच्या आहेत."

साहेब जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "असं लिहून दिलंत तर तुमच्या अकरा वर्षांच्या वह्यांवर कोण विश्वास ठेवेल? तुम्ही हंगामी आहात, विसरू नका."

त्यांचं खोटं नव्हतं. त्या वह्या सोडल्या तर वहिनीकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. तिनं पांढरा ट्रे टेबलावर ठेवला आणि डबा त्यात उपडा केला.

वास भिंतीपर्यंत गेला. एका सभासदानं रुमाल नाकाला लावला, दुसरा खुर्चीसकट मागे सरकला. वहिनीनं चिमटा घेतला आणि चिखलातून एकेक पिल्लू उचलून कडेला ओळीनं मांडायला लागली. डबा कसा धुतला गेला, का धुतला गेला, कुणाच्या ओरडण्यामुळे, हे सगळं तिनं मांडता मांडता सांगितलं. स्वतःला वगळलं नाही.

"हा पोपट. मोठा झाला असता तर शेवाळ खरवडलं असतं. शेवाळ राहिलं की प्रवाळ गुदमरतो. हे लिंबू. हे इथं तुम्हाला करडं दिसतंय, पण हे पिवळं असतं. असलं पिवळं तुम्ही बघितलेलं नाही. ही निळी रेघ."

मधल्या खुर्चीवरच्या अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, भिंग मागितलं आणि ट्रेवर वाकल्या. नाक धरलं नाही. "ही काय करते?"

"डॉक्टर आहे. मोठे मासे हिच्यापुढे रांग लावतात. धक्काबुक्की न करता. मी काल बघितलं."

भिंग बराच वेळ त्या बोटभर पिलावर थांबलं. रुमालवाल्यानंही रुमाल खाली घेतला आणि मान पुढं काढली.

"किती झाली?" बाईंनी विचारलं.

"एकोणतीस. सहा जावयांची. मेलेल्या खडकावर एकोणतीस पिलं कुणी आणून सोडली?"

बाईंनी अहवाल मिटला. गाळ थांबवायचा, एक हंगामभर मोजणी पुन्हा करायची, आणि या वेळी मोजणाऱ्यांपैकी एकानं तरी पाण्यात तोंड घालायचं, असं त्यांनी लिहून घेतलं. वहिनीला काढायचं का नाही यावर चर्चा झाली नाही. तिला चार महिन्यांच्या रिकाम्या पोटांच्या नोंदी खोडून, प्रत्येक खाडाखोडीजवळ सही करायला सांगितलं. दोनशे आठ सह्या. ती संध्याकाळपर्यंत बसली. शेवटी शेवटी तिला स्वतःचीच सही अनोळखी दिसायला लागली.

सोमवारी पाणकोंबडीनं न धुतलेला डबा पत्र्याच्या टेबलावर आपटला. "घे. उकिरडा."

"किती घाण वास येतोय गं," वहिनी म्हणाली, आणि वाकून त्यात पिवळं काही दिसतं का ते शोधायला लागली.