चार किलोमीटरवरचे माप

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे आणि मला राग आला आहे. लोखंडाला कसला राग, असे तुम्ही म्हणाल. माझे अंग तापते ते घर्षणाने, हे मलाही ठाऊक आहे. पण आज दुकान बंद आहे, माझे चाक सकाळपासून फिरलेले नाही, मी पूर्ण थंड आहे आणि तरीही चिडलेली आहे. म्हणजे कारण घर्षणाचे नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात ओतलेले बिडाचे धड, वर काळा रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. तीस वर्षांपूर्वी सिराजभाईंनी मला हडपसरच्या भाजी मंडईमागच्या आपल्या दुकानात आणले. मी एका इंचात बारा टाके घालते. कधी अकरा नाही, कधी तेरा नाही. सिराजभाई गिऱ्हाइकाच्या हातात भिंग देऊन ते मोजायला लावत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

ते गेल्यावर त्यांची मुलगी खातून माझ्यापुढे बसली, ती आजवर बसते आहे. कामरान तिचा धाकटा भाऊ. त्याच्या शाळेच्या चड्डीपासून लग्नाच्या शेरवानीपर्यंत सगळे माझ्या सुईखालून गेले आहे. पुढे त्याला मोठी नोकरी लागली. चार वर्षांपूर्वी तो बायको आणि मुलगा शहेजाद यांना घेऊन मांजरी या उपनगरातल्या एका नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर राहायला गेला.

ती इमारत आमच्या दुकानापासून चार किलोमीटरवर आहे. बसने वीस मिनिटे. आकडा मुद्दाम सांगते आहे, कारण त्या चार वर्षांत कामरान एकदाही इकडे फिरकला नाही. खातूनने जायचे म्हटले, की आज पाहुणे आहेत, उद्या शहेजादची परीक्षा आहे, असे काहीतरी निघे.

तरी रमजान ईदला भाच्याला कुर्ता पाठवायचा हा तिचा नेम. गिऱ्हाइकांचे कपडे थांबत, तो कुर्ता आधी शिवला जाई. अडचण एकच होती. शहेजादचे माप तिने घेतले ते तो चार वर्षांचा असताना. त्यानंतर मूल दिसलेच नाही. मग ती काय करी? दुकानात कोणी त्याच्या वयाचे पोर आले, की ती विचारी, कितवं लागलं रे तुला? आणि कौतुक केल्यासारखे करत त्याच्या खांद्यावर टेप ठेवी. असे चारपाच खांदे जमले, की त्यांची सरासरी काढून कापड कापी. मूल सरळ रेषेत वाढत नाही, एखाद्या वर्षी थांबते, एखाद्या वर्षी एकदम सुटते, हे तिला कळत होते. म्हणून ती शिवणीच्या आत दोन बोटे जास्तीचे कापड ठेवी, म्हणजे चुकलेच तर उसवून वाढवता यावे.

कुर्ता शेजारच्या रिक्षावाल्याच्या हाती जाई आणि खातून दिवसभर फोन माझ्या फळीवर ठेवून काम करी. तिला कुर्ता घातलेल्या शहेजादचा एक फोटो हवा होता. येई काय, तर एक अंगठा. पिवळा, वर केलेला. चार वर्षांत चार अंगठे. हाताचे उरलेले भाग कुठे असतात, हे मला अजून समजलेले नाही.

यंदाच्या ईदनंतर पंधरा दिवसांनी दुकानात एक बाई आली. तिचे नाव तनुजा. मंडईच्या पलीकडे राहते, मांजरीला एका घरी स्वयंपाक करते. बरोबर तिचा सात वर्षांचा मुलगा साईनाथ होता आणि पिशवीत चार कुर्ते. तेवढे पोराच्या मापाचे करून द्या, म्हणाली.

तिने ते माझ्या फळीवर मांडले. पांढरा, पिवळा, निळा, पिस्ता. मित्रांनो, आपली शिवण आपल्याला ओळखू येते. कापड पुढे सरकवणारा माझा एक दाता झिजला आहे, त्यामुळे माझी रेघ वळणावर केसभर डावीकडे सरकते. चारही कुर्त्यांवर ती सरकलेली होती. चारही कॉलरींखाली पुठ्ठा तसाच होता, टाचणीसकट.

खातूनने एकेकाची कड उलटी करून पाहिली. मग अगदी साध्या आवाजात विचारले, की हे कुठून आणले.

"मॅडमनी दिले," तनुजा म्हणाली. "नवेच हायेत बघा, कपाटात पडून होते. सायबांची कोणतरी लांबची बाई हाय म्हनं गावाकडं, ती पाठवती. त्यांचा मुलगा असलं घालत न्हाई."

"लांबची आहे खरी," खातून म्हणाली. "ये रे साईनाथ, सरळ उभा राहा."

माझी सुई त्या वेळी कोणाच्या तरी बोटात घुसायला तयार होती, पण समोर चुकीची बोटे होती. खातूनने साईनाथला चारही कुर्ते घालून पाहिले आणि तीन उसवून-दुमडून त्याच्या मापाचे करून दिले. निळा त्याला न उसवता, न दुमडता नेमका बसला. तो शहेजाद सात वर्षांचा असताना शिवला होता. म्हणजे अंदाज चुकला नव्हता. फक्त मूल दुसरे निघाले.

दीड महिन्याने, बकरी ईदच्या आठवडाभर आधी, कामरानचा फोन आला. खातूनच्या हातात कात्री होती, म्हणून तिने स्पीकर लावून फोन माझ्यापाशी ठेवला. त्याच्या सासरचे लोक येणार होते. सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालून फोटो काढायचा बेत होता. शहेजादला आकाशी कुर्ता हवा होता.

"जरा मोठा शिव, आपा. आधीचे सगळे आखूड झाले त्याला."

"निळा घालून पाहिला होतास?"

"पाहिला ना. तोही आखूड."

"निळा साईनाथला बरोबर बसला."

कामरानने लगेच विचारले,

"कोण साईनाथ?"

मित्रांनो, माझा खरा राग इथला आहे. कपडा कोणी वापरला, कोणाला दिला, हा त्याच्या घरचा प्रश्न. पण या माणसाला चार किलोमीटरवरची बहीण लांबची वाटते आणि चार पावलांवर चपात्या लाटणाऱ्या बाईच्या पोराचे नाव ठाऊक नाही.

"तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन विचार," खातून म्हणाली. "आणि त्या बाईला एक शब्द बोलू नकोस, तिची काही चूक नाही. कुर्ता हवा असेल तर शहेजादला घेऊन ये. दुकान दहाला उघडतं. यापुढे माप घेतल्याशिवाय मी कापड कापणार नाही."

तिने फोन ठेवला आणि आकाशी कापड आणून फळीवर ठेवले. सहा दिवस ते तिथेच होते. दहा वाजले, की ती रस्त्याकडे बघे. मीही बघत होते. ईदच्या आदल्या दिवशी दुकानात आली ती तनुजा. पिशवीत ते चार कुर्ते होते, धुतलेले, इस्त्री केलेले. ते कुर्ते कोणी कोणासाठी शिवले होते, हे तिला मांजरीच्या घरी कळले होते आणि ती मान वर करत नव्हती.

"साईनाथला बसलेत ना?" खातूनने विचारले.

"बसलेत. पन तुमच्या भाच्याचे हायेत ते."

"ज्याला बसले त्याचे. ठेव ते पिशवीत आणि ही टेप धर."

"कुनाचं माप?"

"माझं. ते आकाशी कापड वाया कशाला घालवायचं?"

तनुजाने टेप तिच्या खांद्यावर ठेवली. तीस वर्षे या दुकानात मापे घेतली गेली, पण खातूनचे माप कोणाकडेच नव्हते, खुद्द तिच्याकडेही नाही. त्या दुपारी मी तिची कमीज शिवली. इंचात बारा टाके.

मित्रांनो, मला तेल द्या, झाकून ठेवा, असे मी सांगणार नाही, ते खातून करते. तुमच्या कपाटात कोणीतरी पाठवलेले, घडी न मोडलेले काही असेल, तर आज बाहेर काढा. अंगात घालून पाहा. आखूड असो, सैल असो, अंगठा पाठवू नका. ज्याने शिवले त्याच्याकडे जा, सरळ उभे राहा आणि खांदा पुढे करा.