तंबाखूत न धरलेली

सिगारेट सुटली तर भूपेशला मिळणार होता स्वतःचाच उजवा पाय. नफा म्हणाल तर एवढाच: जन्मापासून अंगाला होतं ते अंगाला राहणार. पण माणिकपूरच्या स्टँडवर रिक्षा चालवणाऱ्याचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो, त्यामुळे त्याच्या बायकोला, जागृतीला, हा सौदा घसघशीत वाटला. काळा पडलेला अंगठा पाहून डॉक्टरांनी तिलाच समोर बसवलं होतं. "तंबाखूने यांच्या नसा बंद होत चालल्यात. आता पूर्ण बंद, कुठल्याच रूपात नको."

"खायची सवय नाही हो यांना, नुसती ओढतात," जागृती म्हणाली. तेवढीच नवऱ्याची बाजू सावरली.

चांदीप गावातल्या घरी येऊन तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उपायांचे रकाने आखले. शपथ: गावदेवीसमोर तीनदा घेऊन झाली, तिन्ही वेळा परतीच्या वाटेवरच मोडली. च्युइंगम: त्यात निकोटीनच, या दुखण्यात तेही नको. दंडावरची पट्टी: तेच. राहिली गोळी आणि समुपदेशन.

"समुपदेशन म्हणजे?" भूपेशने विचारलं.

"एक बाई आठवड्याला तासभर तुमच्याशी गोड बोलणार."

"मग तेच लिही. घरी ते मिळत नाय."

"गोळीही लिहिलीये. नुसत्या गोड बोलण्याने तुमचं काही होत नाही."

आणि गड्याने खरंच सोडली. गोळी वेळेवर, बाईंकडे दर गुरुवारी. जागृतीने खिसे चाचपले, रिक्षाची सीट उचलून पाहिली, स्टँडवरच्या जेन्सनला पाळतीवर बसवलं. "वैनी, चहासोबत पण नाय ओढत," तो सांगायचा.

फक्त चौथ्या सकाळी भूपेश डोकं धरून बसला. त्याच्या आईने, धोंडूबाईने, आपली मशेरीची डबी पुढे सरकवली. "डोकं दुखतंय? घे, दात घास. पानी देते मी." त्याने बोटाने हिरड्यांवर फिरवली आणि जरा शांत झाला. दुसऱ्या दिवशीही घासले. मग रोज.

जागृती हे पाहत होती. मशेरी भाजायची तीच. दर रविवारी तव्यावर तंबाखूची पानं काळी करायची, चुरायची, दोन डब्या भरायची, एक सासूची, एक आपली. आता तिसरी भरू लागली. मशेरी कोणी खात नव्हतं, कोणी ओढत नव्हतं, लावत होतं. भाजून कोळसा झाल्यावर तिच्यात राहतंय काय! कॅलेंडरवर तिला रकानाच नव्हता.

अडीच महिन्यांनी जखम घोट्याच्या वर चढली. डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली आणि कागद टेबलावर ठेवला. "निकोटीन आहे. खोटं का बोलता?"

"पोरीची शपथ, एक झुरका नाय घेतला."

"पोरीला मध्ये आणू नका. ओढत नसाल तर दुसरं काही चालू आहे. गुटखा, तपकीर, मशेरी..."

भूपेश पुढची शपथ शोधण्याच्या घाईत होता, त्याने यादी ऐकलीच नाही. जागृतीने ऐकली. तिची जीभ आपोआप हिरडीवर फिरली.

"घरात कोणी देतं का यांना?"

"नाही," ती म्हणाली.

आठ दिवसांनी पाय गुडघ्याखाली कापला. भेटायला आलेली स्टँडवरची माणसं वॉर्डाबाहेर कुजबुजली, चोरून ओढत असणार. "माझ्यापन डोळ्यात धूळ फेकली यार," जेन्सन म्हणाला. जागृतीने सगळ्यांना चहा दिला.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी भूपेशने हात पुढे केला. "डबी दे गं."

आता डावा पाय पणाला होता, त्यामुळे सांगणं भाग होतं. "ती पण तंबाखूतच धरतात. डॉक्टर बोलले तेव्हा कळलं मला."

भूपेशने हात मागे घेतला. "म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत."

"नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

आतून धोंडूबाईने हाक मारली, "भूप्या, दात घासलं का रे?"

"घासले, आई," तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "तिला सांगू नको. तिच्या हातनं झालं कळलं तर ती जेवायची नाय."

त्या रविवारी जागृतीने सासूपुरती मशेरी भाजायला घेतली. आपली डबी रिकामी ठेवायची, एवढं तरी आपण द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागलं आणि तिने ती भरली.

म्हणजे पाय दिला भूपेशने. खोटारडा हे नावही त्यानेच अंगावर घेतलं, आणि आईचं जेवण चालू राहावं म्हणून ते तसंच ठेवलं. धोंडूबाईचं काही गेलं नाही, तिला ठाऊकच नव्हतं. जागृतीला ठाऊक होतं. तिचंही काही गेलं नाही.