चुका ऐकणारा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, शाळेच्या कपाटात मोडक्या पृथ्वीगोलामागे बसलेला मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अंगावर बोटभर धूळ साचली असली, तरी माझे कान अजून तिखट आहेत.

१९८४ साली प्रभावतीबाईंनी मला शाळेसाठी जुन्या जालन्यातून घेतलं आणि एस.टी.त मांडीवर बसवून आष्टीजवळच्या या गावी आणलं. आता गाणी ऐकायला मिळणार म्हणून पोरं हरखली. पण बाई पडल्या इंग्रजीच्या. एकेका मुलाला माझ्यासमोर बसवून त्या म्हणायच्या, "काल काय केलं, ते इंग्रजीत सांग. चुकलं तर चुकू दे." मुलं अडखळायची, घाम पुसायची, मध्येच मराठीत घुसायची. बाई कुणालाच टोकत नसत. मला तर ते बोबडं इंग्रजी गाण्यांपेक्षा गोड वाटायचं.

बाई एकट्या राहत. संध्याकाळी खोलीवर मला स्टोव्हशेजारी ठेवून त्या कॅसेटी पुन्हा पुन्हा लावत. एखादंच पोर अडलेलं असेल तर त्याला समजावत. सगळा वर्ग एकाच जागी अडला असेल तर स्वतःचं शिकवणं बदलत. तीन वर्षांच्या कॅसेटी ऐकून झाल्यावर एकदा त्यांनी मला बंद केलं. एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. इतक्या मुलांच्या बोलण्यात एकही प्रश्न नव्हता. विचारायचं ते बाईंनी, पोरांनी फक्त उत्तरं द्यायची, अशीच सवय लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी क्रम उलटा केला. प्रश्न मुलांचे, उत्तरं त्यांची. कितीतरी दिवस कुणी तोंड उघडेना. मग मागच्या रांगेतल्या बेबीनंदानं धीर केला. "मॅडम, युवर हाऊस... हू?"

बाईंनी प्रश्न सुधारला नाही. त्या म्हणाल्या, "नोबडी, बेबीनंदा. ओन्ली मी." त्यानंतर वर्गात प्रश्नांना तोटा राहिला नाही.

पुढं बाईंची परतूरला बदली झाली. मी शाळेचा, म्हणून मागं राहिलो. कॅसेटींचा डबा हेडमास्तर अप्पारावांच्या हाती देत त्या म्हणाल्या, "सर, नव्या मास्तरांना ह्या ऐकवा. पोरं कुठं अडतात ते बराबर कळंल."

"बिलकुल ऐकवतो, बाई," अप्पाराव म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. पण गॅदरिंग तोंडावर आलं आणि गाणी भरायला कोऱ्या कॅसेटी मिळेनात, म्हणून बाईंचा डबा बाहेर निघाला. आवाज पुसले जाऊ नयेत म्हणून बाईंनी कॅसेटींच्या मागच्या खिट्ट्या मोडून ठेवल्या होत्या. शिपाई मच्छिंद्रनं तिथल्या रिकाम्या खाचा अप्पारावांना दाखवल्या.

"कागदाचा बोळा घाल तिथं, अन् भर गाणी," अप्पाराव म्हणाले. "नुसत्या चुकाच हायेत त्यात. ठिवून काय करायच्या?"

एकेक आवाज माझ्या पोटातच गाण्याखाली बुजला. बेबीनंदाचाही. मला फार वाईट वाटलं, पण माझी बटणं दुसऱ्याच्या हातात होती. नवे मास्तर आले, त्यांना ऐकवायला काही उरलंच नव्हतं. मग शाळेत संगणक आला, माझा आतला रबरी पट्टा सैल झाला आणि मी कपाटात गेलो. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

मित्रांनो, वर्गात कुणी चुकतमाकत बोललं तर हसू नका, आणि ते बोलणं टाकूनही देऊ नका. कुणी नीट ऐकलं, तर शिकवणाऱ्याला त्यातूनच वाट सापडते.

कपाटाच्या फटीतून मला रोज इंग्रजीचा तास ऐकू येतो. मास्तर प्रश्न विचारतात, मुलं एका सुरात उत्तर देतात. मी कान लावून बसतो. अजून एकाही मुलानं काही विचारलेलं नाही.