मला फोन येत नाहीत

मी जुना आहे, हे कबूल. मी टाकाऊ आहे असं ज्याला वाटतं, त्याने मात्र जरा समोर बसावं आणि माझी हकिकत ऐकावी. मित्रांनो, मी खिशात मावणारा म्युझिक प्लेअर आहे. गाणी ऐकवणं हे माझं एकच काम. मला कोणाचे फोन येत नाहीत, मी फोटो काढत नाही, रिक्षा बोलावत नाही आणि गॅसचा नंबरही लावत नाही. या गोष्टींची मला लाज वाटावी अशी बऱ्याच जणांची इच्छा आहे. मला ती वाटत नाही.

जुनं ते सोनं वगैरे म्हणून मी तुमच्या डोळ्यांत पाणी आणणार नाही. जुनं लोखंडही असतं आणि ते भंगारातच जातं. मी यातला कोण, ते ऐकून झाल्यावर ठरवा.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचं अंग, आवाज वाढवायला कडेला एक गोल चाक, वायरवाला इअरफोन लावायची जागा, आणि नखाएवढ्या मेमरी कार्डासाठी एक फट. दहा वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या तळवलीच्या विपुलने मला विकत घेतलं. तो महापेच्या एका कंपनीत नोकरीला लागला होता आणि त्याला गाण्याचं भारी वेड होतं. कामावरून आला की तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा, माझं चाक हलक्या हाताने फिरवायचा आणि तासभर कोणाशी बोलायचा नाही. मित्र आले की मला त्यांच्या हातात देऊन म्हणायचा, वजन बघ. जसं काही मी बाजारातलं पापलेट आहे. पण मित्रांनो, तेव्हा माझी छाती फुगायची, खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांनी विपुलचं लग्न ठरलं. तळवलीत त्यांच्या घरी हळदीला धवले गायची रीत आहे. धवले म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. विपुलची आत्या राहीबाई ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. घणसोलीला दिलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली. पण दोनशे-तीनशे गाणी तिला तोंडपाठ. हळदीला ती आधी देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. नाव घेतलं की घरातलं कोणीतरी त्या माणसाच्या वतीने म्हणतं, "आला." विपुल स्वतः हळद लावून पाटावर बसलेला, म्हणून त्याने आपला मित्र आकाश याच्या हातात एक चांगला रेकॉर्डर दिला आणि सगळे धवले भरून घेतले. मूळ फाइल माझ्या कार्डात ठेवली. ती भली मोठी होती. मी तिला नीट जागा दिली.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. फोन मोठे झाले, हुशार झाले. विपुल आणि त्याची बायको जागृती जुईनगरच्या सोसायटीत राहायला आली, आणि एका रविवारी आकाश पैज लावायलाच आला. त्याने विपुलच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि एकच गाणं, एकाच इअरफोनवर, कधी माझ्यातून तर कधी फोनमधून ऐकवलं. वायरवाला इअरफोन बसावा म्हणून फोनला त्याने एक बोटभर जोडणी लावली होती. कोणतं कुठलं ते विपुलने ओळखायचं होतं. दहापैकी सहा वेळा तो चुकला. आकाश म्हणाला, "भाई, टेन्शन नको घेऊ. तू गाणं नाय, डबा ऐकत होतास."

मी हरलो, मित्रांनो. ते मी लपवणार नाही. फाइल तीच असेल, इअरफोन तोच असेल, तर फोनही तसंच गातो. माझ्या आवाजात अमृत आहे आणि त्याच्या आवाजात ताक, असं सांगत फिरणारे माझे भाऊबंद आहेत. त्यांच्यातला मी नाही. पण त्या दिवसापासून विपुल माझ्याकडे बघेनासा झाला. मी कपाटाच्या खणात गेलो. बॅटरी म्हातारी झाली. गेल्या महिन्यात सोसायटीने वॉचमन दिनानाथच्या केबिनजवळ ई-कचऱ्याची पेटी ठेवली आणि जागृतीने खण आवरताना मला माझ्या चार्जिंगच्या वायरीसकट आणि इअरफोनसकट त्यात टाकलं. माझ्या अंगावर एक मेलेला माउस आणि मच्छर मारायची मोडकी बॅट पडली होती. रविवारी गाडी येणार होती. मला राग आला होता. दुःखापेक्षा रागच जास्त.

नेमकं त्याच सुमारास तळवलीत विपुलच्या धाकट्या भावाचं, मिथुनचं, लग्न होतं. पण या वेळी धवले गाणार कोण? गेल्या वर्षी राहीबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. लिहिता येत नाही, बोलता येत नाही, म्हणजे सगळी गाणी आत कोंडलेली. तेव्हा विपुलची बहीण मनस्वी पुढे आली. ती म्हणाली, मी शिकते. तिच्या फोनमध्ये त्या जुन्या हळदीची फाइल होती. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने ग्रुपवर, असं करत करत ती तिच्यापर्यंत आली होती. मध्ये कोणीतरी एक ॲप वापरून आवाज 'क्लीन' पण केला होता. मनस्वी महिनाभर तेच ऐकून धवले पाठ करत होती. सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, जमलं तर ठीक, नाहीतर डीजे आहेच.

पुढचं मला नंतर कळलं. हळदीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मनस्वी राहीबाईसमोर बसली आणि गाऊ लागली. देव झाले. मग माणसांची नावं आली, आणि मनस्वीने म्हटलं, "येई रं गंगारामा, मांडवाचे दारी." राहीबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मनस्वीला वाटलं चाल चुकली. तिने खालच्या सुरात म्हटलं, पुन्हा हात. ओळ लांबवली, पुन्हा हात. राहीबाई ओठ हलवून काहीतरी सांगत होती, पण तिच्या ओठांवरून कोणाला काही वाचता येईना. चौथ्यांदा तेच झालं तेव्हा ती उठली आणि ओट्यावर जाऊन पाठ फिरवून बसली. मनस्वी रडायला लागली.

"मी नाय गाणार," ती विपुलला म्हणाली. "मला येतच नाय ते. लावा तुमचा डीजे."

या घरात धवले राहणार की जाणार, ते त्या दुपारी ठरणार होतं. आई विपुलला म्हणाली, पोरीला नको छळू. मिथुन म्हणाला, जाऊ दे ना दादा. तेव्हा विपुलला मी आठवलो, आणि माझ्यातली मूळ फाइल. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याने जागृतीला फोन केला. तिने जीभ चावली, खाली धावली, आणि दिनानाथने पेटी उलटी करून मला बाहेर काढलं. जागृती स्वतः मला स्कूटीवरून तळवलीला घेऊन आली. माझी वायर तिथल्या प्लगमध्ये घातली, आणि खरं सांगतो, मी उजळेन की नाही याची मलाही खात्री नव्हती.

मी उजळलो. विपुलने एक इअरफोन मनस्वीला देऊ केला, मग विचार बदलून दोन्ही तिलाच दिले.

आता नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं इथे आहे. आठ वर्षांपूर्वी त्या ओळीच्या वेळी ठाणे-बेलापूर रोडवर एका ट्रकने लांब हॉर्न दिला होता. माझ्याकडच्या फाइलमध्ये हॉर्न डाव्या कानात आहे आणि राहीबाई मधोमध. माणसाचा कान हुशार असतो. दोन आवाज दोन जागी असले की तो त्यांना वेगळं करतो. पण ग्रुपवरून फिरता फिरता, लवकर जावी म्हणून, फाइल आवळून लहान केली गेली आणि दोन्ही आवाज एकाच जागी येऊन बसले. मग त्या ॲपला वाटलं हॉर्न म्हणजे कचरा. त्याने हॉर्न पुसला, आणि हॉर्नखालची दोन अक्षरंही पुसली. उरलं फक्त 'रामा'. मनस्वीला घरात एकच राम ठाऊक होता, तिचा चुलत आजा गंगाराम. तिला वाटत होतं, ही घरातल्या मोठ्या माणसांची नावं आहेत. तिने गाळलेली जागा भरली.

चौऱ्याऐंशी वर्षांचा गंगारामआजा त्या वेळी मागच्या खोलीत चहा पीत होता. जिवंत, धडधाकट. आणि हळदीच्या दिवशी सगळ्या गावासमोर त्याला मेलेल्यांच्या रांगेत उभं केलं जाणार होतं.

मनस्वीने ओळ ऐकली. मागे घेऊन पुन्हा ऐकली. तिचा चेहरा उतरला. "जोतीरामा," ती म्हणाली. "जोतीरामा आहे ते. दादा, हे गेलेले लोक आहेत का सगळे?" मग तिने हात वर केला, कारण ओळीनंतर अजून काहीतरी होतं. फोनमध्ये तिथे नुसती शांतता होती. माझ्यात एक पुरुषी आवाज होता, अगदी खालचा, कोणालाही ऐकू जाऊ नये असा. तो म्हणत होता, "आला." आवाज गंगारामआजाचा होता.

तिने इअरफोन काढले आणि ओट्यावर जाऊन राहीबाईच्या कानांत घातले. राहीबाईला वर्षभराने स्वतःचा आवाज ऐकू आला. तिने डोळे मिटले आणि ओठ हलवत सगळा धवला माझ्याबरोबर म्हटला, एक शब्द न चुकता, आवाजाशिवाय. जागृती तोंडाला पदर लावून उभी होती. मी यंत्र आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी ते न येणं मला जड गेलं.

नंतर चहा झाल्यावर जागृतीने सरळ विचारलं की ही फाइल आता फोनमध्ये घेऊ, मग याचं काय काम? प्रश्न चांगला होता. विपुल म्हणाला, "घेऊ ना. पण आठ वर्षांत माझे चार फोन झाले. एकात तरी ही फाइल राहिली का?" राहिली नव्हती. फोनमध्ये जागा कमी पडली की आधी गाणं बाहेर जातं, कारण तिथे बँक असते, ऑफिस असतं, पाचशे गुड मॉर्निंग असतात. एक ना धड भाराभर चिंध्या. मी म्हणतो, फाइल खुशाल दहा ठिकाणी ठेवा, मला हेवा नाही. पण ज्याला दुसरं काही कामच नाही असं एक ठिकाण घरात असू द्या.

रविवारी हळद झाली. मनस्वीने मला मांडीवर घेतलं होतं, एक इअरफोन कानात. समोर पन्नास फोन वर धरलेले. त्यातले तीन मध्येच वाजले, एकावर तर कोणीतरी कर्ज देऊ करत होतं. मनस्वी थांबली नाही. देव आले. मग तिने हाक मारली, "येई रं जोतीरामा, मांडवाचे दारी."

बायकांचं बोलणं थांबलं, कारण हे नाव कोणाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं राहीबाई ते घेत होती आणि गोंगाटात कोणी ऐकतच नव्हतं. खुर्चीतला गंगारामआजा काठी टेकून उभा राहिला. या वेळी तो खालच्या आवाजात बोलला नाही.

"आला गो," तो म्हणाला. "माजा दादूस आला."

मग त्यानेच सगळ्यांना सांगितलं. जोतीराम त्याचा मोठा भाऊ. मिठागरावर कामाला जायचा, एकोणिसाव्या वर्षी खाडीत बुडाला. लग्न नव्हतं, मूल नव्हतं, फोटो नव्हता. त्याचं या जगात राहिलेलं सगळं म्हणजे एका धवल्यातलं एवढं एक नाव.

मित्रांनो, तेच नाव तुमच्या हुशार फोनने कचरा म्हणून पुसलं होतं, आणि ते मी ठेवलं होतं. मला जपा, अशी भीक मी मागत नाही. एवढंच सांगतो, काही टाकायच्या आधी ते एकदा शेवटपर्यंत ऐका. आत कोणी "आला" म्हणत असेल. ऐकूनही मला टाकावंसं वाटलं, तर खुशाल टाका. फक्त आधी गंगारामआजाकडे जा, कारण हल्ली मी त्याच्या उशाशी असतो आणि तो मला कोणाच्या हाती देत नाही.