शोभनाबाईंची बस आणि पाटल्या

साता समुद्रांपलीकडील पिस्कॅटवे या गावी श्रीरंग दामले नावाचे एक सद्गृहस्थ वास्तव्यास आहेत. राज्यातील महामार्गांवर जे पांढरे व पिवळे पट्टे आखलेले असतात, ते आखण्याचा सरकारी ठेका गेली कित्येक वर्षे त्यांच्या कंपनीकडे आहे. त्यांच्या पत्नीचे नाव शोभनाबाई. पतीने उभे आयुष्य रस्ते रंगविण्यात घालविले, परंतु पत्नीला मोटार चालविता येत नाही, ही या संसारातील एक मौजेची बाब होय. तरुणपणी श्रीरंगरावांनी त्यांना एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवणी दिली होती. शोभनाबाईंनी सामानाच्या ढकलगाड्यांची अख्खी रांग आडवी केली, श्रीरंगराव ओरडले, आणि त्या दार उघडून पायी घरी चालत्या झाल्या. तेव्हापासून त्यांचे सारथ्य गावच्या बसने पत्करले.

ती बस त्यांना लायब्ररीत नेई, इंडियन स्टोअरमध्ये नेई, आणि दर गुरुवारी एका वृद्धाश्रमाच्या दाराशी उतरवी. तेथे त्यांची मैत्रीण रेणू अर्धांगाने अंथरुणास खिळली होती. शोभनाबाई तिच्यासाठी मऊ भात आणि मेतकूट नेत व आपल्या हाताने भरवीत. ड्रायव्हर मार्कस हा असा भला मनुष्य, की त्या दुरून येताना दिसल्या तरी बस थांबवून धरी.

अशा या बसवर एके दिवशी सूचना लागली, की सरकारी महसुलात तूट आल्याकारणाने ही सेवा बंद करण्याचे विचाराधीन आहे. त्या दिवशी जेवताना शोभनाबाईंनी ताट बाजूला सारले.

"रेणूला कोण भरवणार हो? तिथल्या बायका तिला टोमॅटोचं सूप देतात. टोमॅटो तिने शाळेत असल्यापासून कधी तोंडात घातला नाही."

"अगं, मी सोडत जाईन तुला."

"तुम्ही? गुरुवारी तुम्ही हायवेवर ब्रश मारत असता. आणि सोडलंत तरी खाली हॉर्न वाजवत बसाल. मार्कस कधी हॉर्न वाजवत नाही."

बायकोचे दुःख श्रीरंगरावांना दिसत होते, पण त्यावरचा उपाय त्यांना सुचत नव्हता.

आता या कथेत कराचा विषय येतो, तरी वाचकांनी कंटाळू नये. काही वर्षांपूर्वी राज्याने सरकारी ठेकेदारांना एक सवलत दिली होती. सरकारी कामातून झालेल्या मिळकतीचा काही हिस्सा राज्याचा व्यवसायकर मोजताना वगळावा, असा तो नियम. त्यामागील हेतू उदात्त होता. ठेकेदाराचा कर वाचला, की तो कमी दरात काम घेईल, आणि सरकारने एका हाताने सोडलेले दुसऱ्या हाती परत येईल. त्या सवलतीची मुदत आता संपत आली होती. ती वाढवून द्यावी, म्हणून ठेकेदारांच्या संघटनेने राज्याची राजधानी ट्रेंटन येथे आमदारांच्या समितीपुढे बोलण्यास श्रीरंगरावांची निवड केली. त्यांनीही आनंदाने होकार दिला. कराचा विषय निराळा आणि बसचा निराळा, असे ते अगदी प्रामाणिकपणे समजत होते. तथापि घरात त्यांनी हे सांगितले नाही. महसूल हा शब्द उच्चारला तरी पत्नीच्या डोळ्यांत पाणी येई, तेव्हा तो विषयच नको, असा त्यांनी विचार केला.

ठरल्या दिवशी सकाळी ते सूट घालून खाली आले.

"साइटवर सूट?" शोभनाबाईंनी विचारले.

"इन्स्पेक्शन आहे. आणि तू रेणूकडे नारायणपेठ नेसून?"

"तिला बघायचीय." एवढे बोलून त्यांनी पदर सारखा केला. हातात सोन्याच्या पाटल्या होत्या. लग्नाच्या वाढदिवसाला श्रीरंगरावांनीच त्या केल्या होत्या.

ट्रेंटनला सभागृहात श्रीरंगराव पोहोचले, तेव्हा कोणी एक बाई माइकपुढे बोलत होती. तो आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता. बसचा खर्चही याच समितीपुढे होता, आणि बसच्या म्हाताऱ्या उतारूंनी, सर्वांत जास्त बोलणारी म्हणून, शोभनाबाईंनाच आपला प्रतिनिधी नेमले होते! नवरा उगीच काळजी करील, म्हणून त्याही घरात काही बोलल्या नव्हत्या. त्या इंग्रजीत सांगत होत्या, की माझी मैत्रीण गुरुवारची वाट पाहते, तिला दुसरा वार ठाऊक नाही. परत फिरताना त्यांना दाराशी सुटातला नवरा दिसला. त्यांनी भुवया उंचावल्या, आणि त्या मागल्या रांगेत जाऊन बसल्या.

श्रीरंगरावांचे नाव पुकारले गेले. ते पाठ केलेले भाषण म्हणू लागले. "या सवलतीमुळे सार्वजनिक कामे स्वस्त झाली," या वाक्यापाशी येताच एका आमदारबाईंनी त्यांना थांबविले.

"मिस्टर दामले, सवलत मिळाल्यावर तुम्ही तुमचा दर कमी केला?"

उत्तर देणे अवघड नव्हते. रंग महागला, मजुरी वाढली, असे म्हणता आले असते, आणि ते सर्वस्वी खोटेही ठरले नसते. परंतु त्यांची दृष्टी मागल्या रांगेकडे गेली. तेथे शोभनाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि खिडकीतल्या उन्हात पाटल्या चमकत होत्या.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "जुनाच दर लावला, आणि काम मिळालं. वाचलेल्या करात मी बायकोला पाटल्या केल्या. ती पलीकडे बसलीय. आत्ता बोलून गेली ती."

सभागृहात हशा पिकला. श्रीरंगराव मात्र हसले नाहीत. "तिची बस त्यातच गेली, हे मला आज कळलं. सवलत ठेवायची तर ज्याने दर उतरवला त्यालाच द्या," असे म्हणून ते खाली उतरले. संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलेदेखील नाही.

बाहेर व्हरांड्यात शोभनाबाईंनी त्यांना गाठले.

"इन्स्पेक्शन झालं का?"

"झालं. नापास झालो."

"पाटल्यांचं कशाला सांगायचं हो चारचौघांत? ती आमदारबाई नुसती माझ्या हाताकडे बघत होती."

"मोडून टाकू का?"

"खबरदार! पाटल्या राहतील. पुढच्या टेंडरला दर कमी लावा."

"लावतो. चल, गाडी खाली आहे."

"मी रिटर्न तिकीट काढलंय. आणि आज गुरुवार आहे, विसरलात वाटतं." त्यांनी पिशवीतला डबा दाखविला.

श्रीरंगरावांनी क्षणभर पार्किंगकडे पाहिले, आणि मोटार तेथेच सोडून ते पत्नीच्या मागोमाग स्टेशनात गेले. आगगाडीतून उतरल्यावर मार्कसची बस उभीच होती.

"हे कोण?" मार्कसने विचारले.

"हजबंड. रस्त्यावर रेघोट्या ओढतात," शोभनाबाई म्हणाल्या.

बस महामार्गाला लागली. आपलेच पट्टे श्रीरंगरावांना प्रथमच एवढ्या उंचावरून आणि एवढ्या निवांतपणे दिसत होते.

"तो तिथे वाकडा आहे," शोभनाबाईंनी बोट दाखविले.

"बस हलतेय म्हणून तसं वाटतं."

"बसला नावं ठेवायची नाहीत."

समितीचा निर्णय अद्याप लागलेला नाही. त्या गुरुवारी मात्र रेणूला भरविण्यास दोघेजण होते. श्रीरंगरावांनी चमचा धरला, मेतकूट जरा जास्तच कालवले, आणि रेणूने काही एक तक्रार न करता सगळा भात संपविला.