आधी दारू की आधी मन

त्या इमारतीत मानसिक आजारांचा विभाग पहिल्या मजल्यावर होता आणि व्यसनमुक्ती केंद्र तिसऱ्या. खालच्या विभागाच्या सिस्टर आणि वरच्या केंद्रातले समुपदेशक यांची ओळख फोनवरच्या कुरबुरीपुरतीच. समुपदेशक शिस्तीचे कडक, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर म्हणायचे, "आधी याची भीती, झोप, काय ते मार्गी लावा, मग दारूचं बघू." सिस्टर म्हणायच्या, "आधी दारू सुटू दे, मग औषधं सुरू करू." पेशंट मधल्यामध्ये जिने चढत-उतरत राहायचे आणि एक दिवस यायचेच बंद व्हायचे.

शेवटी इमारतीतल्या रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं की दोन्ही मजल्यांच्या लोकांनी एकत्र प्रशिक्षण घ्यायचं. जागा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल.

मास्तर आले ते तोंड पाडूनच. "केस पिकले या कामात. आता मला कोण काय शिकवणार?"

"बसा हो," शेजारी बसलेल्या खालच्या विभागाच्या त्याच सिस्टर म्हणाल्या. "निदान पंखे तरी चालू आहेत इथले."

शिकवायला आलेल्या बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्यांनी हॉलच्या दोन टोकांना दोन खुर्च्या ठेवल्या. एकीवर सिस्टरांना बसवलं, दुसरीवर केंद्रातल्या एका समुपदेशक मुलीला. मास्तरांना सांगितलं, "तुम्ही पेशंट. दारू पिता, रात्र रात्र डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. जा मदत मागायला."

मास्तर सिस्टरांकडे गेले. कधीपासून पिता, घरी कोण कोण असतं, सगळं विचारून झालं आणि सिस्टरांनी त्यांना वर पाठवलं. तिकडे त्या मुलीने पुन्हा पहिल्यापासून तेच विचारलं आणि खाली पाठवलं. लोक हसत होते. मास्तरही आधी हसले. पण फेऱ्या वाढल्या तसे ते हॉलच्या मधोमध थांबले.

"किती वेळा तेच ते सांगायचं माणसाने?" त्यांचा आवाज चढला होता, आणि तो नाटकातला नव्हता.

बाईंनी हळूच विचारलं, "आत्ता काय करावंसं वाटतंय?"

"घरी जावंसं वाटतंय." मास्तरांनी दाराकडे पाहिलं. "आणि वाटेत दारूचं दुकान कुठे लागतं, ते आठवतंय."

आयुष्यात थेंबही न घेतलेला हा माणूस. हसणं थांबलं. सिस्टर उठल्या, आपली खुर्ची ओढत ओढत त्या मुलीच्या खुर्चीशेजारी नेली आणि म्हणाल्या, "या मास्तर. आता एकदाच सांगा, आम्ही दोघी ऐकतो."

पुढचे दिवस हाच सराव चालला. पेशंटला एकत्र भेटायचं, सगळ्यांनी मिळून एकच बेत ठरवायचा. मास्तर मधूनमधून हुज्जत घालायचे, पण खुर्ची सिस्टरांच्या शेजारीच घ्यायचे.

प्रशिक्षण संपायच्या दिवशी चहाच्या सुट्टीत एक बाई हॉलच्या दाराशी आली. घामाघूम झाली होती. "माझा भाऊ जिन्यात बसलाय," ती म्हणाली. "वर जायचं म्हणतो ना खाली. मी ओढून थकले. कुणीतरी चला."

सिस्टर आणि मास्तर दोघेही उठले.

भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता. जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसला होता. तोंडाला वास होता. मास्तरांचा नियम जुना होता, पिऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवायचं. सवयीने त्यांनी विचारलंच, "आज घेतलीय?"

"घेतलीय. न घेता इथवर आलोच नसतो."

त्याच्या ताईने डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागणार, हे तिला ठाऊक होतं.

मास्तर वरच्या पायरीवर टेकले. "बरं केलंत, आलात ते," ते म्हणाले. सिस्टर खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही दोघं दोन मजल्यांवरचे आहोत, पण आज एकत्रच ऐकणार आहोत. तुम्हाला परत सांगावं लागणार नाही."

मग तो बोलू लागला. काम करताना वीज गेली आणि तो दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या अंधाऱ्या खोबणीत, लिफ्टच्या टपावर अडकून पडला. हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. सुटका झाली, पण तेव्हापासून खोबणीत वाकून पाहिलं तरी छाती आवळायची. एक घोट घेतला की हात स्थिर व्हायचे. मग घोटाची बाटली झाली.

"आजपासून बंद करतो, शप्पथ," तो म्हणाला.

"असं एकदम घरी बंद करायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवू. भीतीचा इलाजही त्याचबरोबर."

"म्हणजे राहायचं कुठे, वर की खाली?" ताईने विचारलं.

सिस्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. "खाट यांची, बडबड माझी," मास्तर म्हणाले. "मी रोज खाली येईन."

आणि ते आले. डॉक्टर, सिस्टर आणि मास्तर या तिघांची जुंपायची ती मेकॅनिकच्या खाटेशेजारीच, त्याला काय वाटतं ते विचारत.

घरी गेल्यावर काही आठवड्यांनी तो पुन्हा प्यायला. कामावरच्या साहेबांनी त्याला पुन्हा खोबणीत उतरायला सांगितलं होतं. तो मान खाली घालून आला, मास्तरांनी पुढे केलेल्या खुर्चीवर बसला. "आता हाकलणार ना मला?"

"हाकलायचं असतं तर खुर्ची दिली असती का?" मास्तर म्हणाले.

त्याच्या संमतीने सिस्टर आणि मास्तर त्याच्या साहेबांना भेटले. साहेब आधी आढेवेढे घेत होते, मग त्याला वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटर दुरुस्त करायचं काम मिळालं. खोबणीत तो अजून उतरलेला नाही. पीत मात्र नाही. कधी मन खचलं तर ताईच्या आधी तो स्वतःच सिस्टरांना नाहीतर मास्तरांना फोन करतो.

परवा ताई एकटीच आली. सिस्टर घाबरल्या. "काय झालं? पुन्हा घेतली का त्याने?"

"नाही हो, तो छान आहे," ताई म्हणाली आणि पदराशी चाळा करत राहिली. "इतकी वर्षं त्याच्याच मागे धावले. आता घरात सगळं शांत आहे, तर मलाच झोप येत नाही. हे इथे सांगायचं, की दुसरीकडे कुठे?"

"इथेच," सिस्टर म्हणाल्या, आणि मास्तर तिच्यासाठी पाणी आणायला उठले.